तीस डावांचा तह

दादाची तेरवी आटोपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने मला दुकानात पाठवलं. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज छापून आणायचा होता. गोरेगावात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. दादा, म्हणजे खुमेंद्र, फॉर्म भरायचा. मी नववीत शाळा सोडलेली, म्हणून मी झेरॉक्स काढायचो.

शटर मी अर्धंच वर केलं. आत कोंदट अंधार होता आणि शाईचा वास. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी. दादाच्या खुर्चीवर त्याचा गळ्यात टाकायचा दुपट्टा तसाच पडलेला. बाहेर बाजाराचा दिवस होता, पण आवाज फार लांबून आल्यासारखे वाटत होते. गेले तेरा दिवस मला सगळंच तसं वाटत होतं. रडू आलं नव्हतं.

अर्ज छापून झाला. मग मी आमचा खेळ उघडला. का उघडला ते सांगता येणार नाही.

गिऱ्हाईक नसलं की आम्ही राज्यांचा खेळ खेळायचो. एक राज्य दादाचं, एक माझं, बाकीची कॉम्प्युटरची. आपला डाव आला की शहरं वसवायची, शेजाऱ्याशी लढायचं, नाहीतर तह करायचा. कॉम्प्युटरचा राजा आपल्यावर खूश का आहे, नाराज का आहे, याची यादी बघता येते. सीमेला सीमा लागते, उणे पाच. व्यापार केला, अधिक तीन. ओळी इंग्रजीत असतात. दादाने एकेक करून मला त्या वाचायला शिकवल्या होत्या.

"कॉम्प्युटरचा राजा रागानं भांडत नाही, हेमू," तो म्हणायचा. "तो यादी पाहून भांडते. तुझ्यासारखा रुसून नाही बसत."

"अन् तू?"

"मी मोठा भाऊ ना. मी रुसलो तरी तुले समजू देणार नाही."

खेळ सुरू होताच पडद्यावर पाटी आली. एक खेळाडू निघून गेला आहे. त्याचं राज्य आता कॉम्प्युटर चालवेल.

मी ती दोनदा वाचली. मग दादाच्या राज्याची यादी उघडली.

सीमा, उणे पाच. व्यापार, अधिक तीन. जुनी मैत्री, अधिक वीस. त्याखाली एक ओळ होती, ती मी आजवर कधी पाहिली नव्हती. एकेक अक्षर लावत वाचली.

पाणी मागितलं, दिलं नाही. उणे चाळीस.

गोंदियाच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या आधी, डॉक्टरांनी दादाचं पाणी बंद केलं होतं. वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. खाटेपाशी मी एकटाच. दादा म्हणाला, "हेमू… घोटभर दे." चारदा म्हणाला. चौथ्या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं. मग त्याला आत नेलं. तो जिवंत बाहेर आला नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. पण एवढंच वाटलं, की दादा रुसला होता तर.

मी तह मांडला. माझ्या बाजूने सोनं ठेवलं, घोडे ठेवले, दोन शहरं ठेवली. नकार. सगळी शहरं ठेवली. नकार. खाली एक बटण असतं, तुम्हालाच काय हवं ते सांगा, असं विचारण्याचं. दादा मला ते कधी दाबू देत नसे. "ते दाबलं का त्याले समजते, आपल्याले किती गरज हाये. मंग तो सोडत नाही."

मी दाबलं.

माझ्या बाजूचं सोनं गेलं. घोडे गेले. शहरं एकेक करून परत आली. शेवटी माझ्या बाजूला एकच ओळ उरली.

हेमू. तीस डावांनंतर.

खेळात माझं नाव हेमेंद्र आहे. शेजारी दादाचा कॉम्प्युटर बंद होता. त्याची वायर भिंतीतून काढून ठेवलेली मला दिसत होती.

मी होकार दिला. उणे चाळीसची ओळ निघून गेली.

शटर ओढताना बाजूचे चहावाले टेकचंदकाका म्हणाले, "काऊन रे, एका फारमाले एवढा वेळ? तुझ्या दादानं दहा जणांचे भरले असते."

"हो काका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तहावर एकोणतीस लिहिलं होतं. मी डाव खेळलो नव्हतो. त्यानंतर रोज एक कमी होत गेला. खेळ पुसून टाकता आला असता. पण तह मोडला तर ती ओळ परत येईल, म्हणून मी हात लावत नाही.

आज चार आहे.

माझ्या तब्येतीला काही झालेलं नाही. ताप नाही, कुठे दुखत नाही, कोणत्या डॉक्टरकडे मी गेलेलो नाही. संध्याकाळी जेवायला बसलो तर ताटाजवळ पाणी नव्हतं.

"वहिनी, घोटभर पाणी द्या."

वहिनी चुलीपाशी होती. तिने ऐकलं, पण उठली नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. चौथ्या वेळी तिने भिंतीकडे तोंड केलं.

"आत्ता नाही, भाऊजी…" ती हळूच म्हणाली. "डॉक्टरनं नाही म्हटलं हाये."