बोळातली बाई

स्टुडिओत चहाच्या वेळी एकदा विषय निघाला, की आजवर पाहिलेला सगळ्यात विचित्र सिनेमा कुठला? संकलक म्हणाला, लहानपणी एका सिनेमातून तो मध्यंतरातच घरी पळाला होता आणि पुढे काय झालं हे विचारायची अजून त्याची छाती होत नव्हती. मग सगळे पावलेमास्तरांकडे वळले. ते बशीतल्या चहावर फुंकर मारत होते.

"मी सिनेमा बघतच नाही," ते म्हणाले. "पाय बघतो."

थट्टा नव्हती ती. पडद्यावरचा माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारा आवाज पुष्कळदा त्याचा नसतो. मागाहून कुणीतरी पडद्यासमोर उभं राहून, त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकून तो भरतं. मास्तरांची हयात यातच गेली होती. राजे, भुरटे चोर, अवघडलेल्या बायका, सगळ्यांच्या वाटचं ते चालले होते. त्यांच्या कपाटात खास त्यांच्या मापाचे उंच टाचांचे बायकी बूट होते, आणि त्यावरून बायको त्यांना सळो की पळो करून सोडायची.

त्याच आठवड्यात एक जुना कृष्णधवल सिनेमा कामाला आला. निर्मात्याच्या वडिलांनी तो काढला होता, पण कधीच कुणाला दाखवला नव्हता. चित्र शाबूत होतं. आवाजाची पट्टी तेवढी बुरशीने खाल्ली होती. मास्तरांच्या वाट्याला एकच प्रसंग आला. लाकडी फरशीच्या लांब बोळातून एक बाई पाठमोरी चालत जाते, टोकाचं दार उघडते आणि आत शिरते. जेवणाआधी उरकेल, असं म्हणत मास्तरांनी टाचांचे बूट चढवले आणि ते लाकडी फळीवर उभे राहिले.

उरकलं नाही. पाऊल जमेचना.

"मास्तर, किंचित उशीर होतोय," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाली म्हणाली.

त्यांनी घाई केली.

"आता आधी पडलं."

संध्याकाळपर्यंत हेच. घोटे सुजले, डोकं भणाणलं. ज्या माणसानं दारुड्याची चाल पहिल्या फटक्यात पकडली होती, त्याला एक साधी चालणारी बाई दाद देईना.

दुसऱ्या दिवशी ती बोळाच्या मध्यावर थबकली. मास्तरांचं पाऊल हवेतच राहिलं.

"ही इथे थांबत नव्हती," ते म्हणाले.

रेकॉर्डिंगवालीनं चित्र मागे नेऊन पुन्हा दाखवलं. "पहिल्यापासून थांबतेय की."

"काल थांबत नव्हती!"

"मास्तर, फिल्म आहे ती. काल एक, आज एक असं कसं होईल?"

ते त्यांनाही कळत होतं, आणि म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातच निर्माता डोकावला. "एवढा त्रास कशाला घेता? संगणकात तयार पावलं मिळतात. तीच टाकू." बोलला गोड, पण मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

"बाई कोण आहे ही?" त्यांनी विचारलं.

"काय की. बाबा सांगायचे नाहीत. आणि आईपुढे तर विषयच काढायचा नाही." तो घाईनं निघून गेला.

मास्तर पुन्हा उभे राहिले. या वेळी ती नुसती थांबली नाही, तिनं मानही थोडी वळवली. गाल दिसला, कान दिसला. मागून कुणीतरी येतंय अशी चाहूल लागलेला माणूस असाच उभा राहतो.

मास्तरांनी मुद्दाम, गरज नसताना टाच आपटली.

पडद्यावरची ती दचकली.

त्यांनी काचेकडे पाहिलं. रेकॉर्डिंगवाली मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. सांगणार कुणाला? सांगितलं तर उद्यापासून संगणकच.

"शेवटचं घे," ते म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला.

चित्र सुरू झालं. मास्तरांनी ठरवलं होतं, हलायचंच नाही. दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवून, श्वास रोखून ते उभे राहिले.

ती चालू लागली.

थांबली नाही.

दारापाशी पोचली. कडी काढली.

मग सावकाश, पुरती वळली. तिनं मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

दार लागलं.

"वा मास्तर!" रेकॉर्डिंगवाली टाळ्या पिटत होती. "याला म्हणतात पावलं! ऐका."

तिनं बटण दाबलं. टक, टक, टक. लाकडावरच्या टाचा, नेमक्या, स्वच्छ, एकही पाऊल चुकलेलं नाही.

"मी हललोच नाही," मास्तर म्हणाले.

ती हसली. "कळलं. पुरे आता, घरी जा."

ऊन कलायच्या आत ते घरी पोचले. दार उघडंच होतं. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी भांडी विसळत होती. ते बूटही न काढता थेट तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"ऐकलंस का?"

ती किंचाळली. हातातला पेला नळाखाली आदळला. "अहो, जीव जायचा होता माझा! चोरासारखे काय येता? चाहूल तरी लागू द्यावी माणसानं!"

मास्तरांनी खाली पाहिलं. पायात रोजचे जाड तळाचे बूट होते. दोन दिवसांचा राग एकवटून त्यांनी पाय जमिनीवर आपटला. पोटरीपर्यंत झिणझिण्या आल्या.

फडताळातल्या कपबशा किणकिणल्या.

फक्त कपबशा.