नाल्याकडचा पट्टा

“दिला!” अभिमन म्हणाला, आणि भाकरीचा पुढचा तुकडा त्यानं आमटीत असा बुडवला, जणू जमीन नव्हे, शेजाऱ्याला विळा उसना दिला होता!

चुलीपुढे बसलेल्या झुंबरबाईच्या हातातली भाकरी हातातच थबकली. “काय दिलं?” तिनं विचारलं. कळलं तर होतंच… पण काही घाव असे असतात की ते दोनदा ऐकल्याखेरीज अंतःकरण त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

“नाल्याकडचा पट्टा. धाकटा चुडामण वाटणीत तोच मागत होता. आपल्याला चिंचेकडचा.”

“आणि मला विचारलंत?”

अभिमननं पुढचा घास घेतला. गप्प राहणं ही त्याची जन्मभराची कमाई. तो गावचा पाटकरी. पांझरेच्या बंधाऱ्यावरून निघालेला पाट गावाच्या चार फडांना पाणी पाजायचा. एका फडात साऱ्या गावाचा ऊस, दुसऱ्यात साऱ्या गावाचा गहू, आणि प्रत्येक फडात ज्याचा त्याचा लांबट पट्टा. कोणाचं पाणी कधी सुटायचं ते पाटकऱ्यानं ठरवायचं. बावीस वर्षांत अभिमननं पाळीबाहेर एक थेंब कोणाला दिला नव्हता. सख्ख्या आईची वांगी वाळली तरी नाही! गाव त्याच्या न्यायाचे गोडवे गाई. आणि घरी तो न्यायी पुरुष बायकोशी दिवसाकाठी सात शब्द बोले, त्यांतले तीन ‘पाणी दे गं’ असत.

“अहो, तुमच्या आईला, भावाला, गावाला, सगळ्यांना पाळी आहे,” झुंबरबाई म्हणाली, “माझीच पाळी कधी येत नाही!”

अभिमन हात धुऊन उठला. ती मात्र चुलीतल्या धुराकडे बघत बसून राहिली, आणि सात वर्षं तिच्या डोळ्यांपुढून सरकली.

सदुसष्ट साली शेतकी खात्याचा एक माणूस चावडीवर आला होता. ऊस तुटल्यावर फडात गुडघाभर पाचट उरतं, ते जाळू नका, म्हणाला. जमिनीत जो काळा कस असतो, सेंद्रिय कर्ब, तो पाचट कुजून वाढतो आणि जाळून उडून जातो. कर्ब असला की माती मऊ राहते, ओल धरते. पुरुषमंडळींनी विड्या ओढत ऐकलं आणि विड्यांबरोबरच विझवून टाकलं. बायकांच्या मागं उभ्या असलेल्या झुंबरबाईच्या मनात मात्र ते रुतलं. ती एरंडोलकडची, तिच्या माहेरी शेणाची पाटी उकिरड्यावर नव्हे, शेतात जायची.

तिनं नाल्याकडचा एकच पट्टा मागून घेतला. पाचट एक सोडून एक सरीत दाबायचं, वर शेणकाला शिंपायचा, माती ओढायची. शेणकाल्याला शेण लागे, म्हणून तिनं गोवऱ्या थापणं सोडलं आणि कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांवर स्वयंपाक केला. सात वर्षं! डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल झाल्या. शेजारणी आधी हळहळल्या, मग सवयीनं विसरल्या.

पहिल्याच वर्षी तुटल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा पिवळा पडला. सासूनं, सुंदरबाईनं, अंगणात उभं राहून साऱ्या आळीला ऐकवलं, “बठ्ठं गाव पाचट जाळस, आन् हाई बाई सांभाळी ठेवस! उंदरेसले घर बांधी दिधं इनी!”

आणि चुडामण? ती लग्न होऊन आली तेव्हा नऊ वर्षांचं ते पोर गोवरानं फणफणलं होतं. एकवीस दिवस तिनं त्याला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. तो धुळ्याला मॅट्रिक शिकून आला आणि त्या पट्ट्याला ‘वहिनीचा उकिरडा’ म्हणू लागला. नाव गावानं उचललं. इतकं चपखल नाव गाव थोडंच सोडणार!

मग बहात्तर साल आलं. पांझरा आटली, पाण्याची पाळी बारा दिवसांवरून बावीस दिवसांवर गेली. फडभर ऊस पानांची सुरळी धरून उभा राहिला… आणि मधोमध उकिरडा तेवढा हिरवा! दोन वर्षांनी शेतकी खात्याच्या माणसानं कापडी पिशव्यांत माती नेली, तिचं कार्ड आलं. गावच्या मातीपुढं ‘सेंद्रिय कर्ब : कमी’. उकिरड्यापुढं ‘भरपूर’. चुडामणनं ते मोठ्यानं वाचलं.

“कर्ब म्हणजे काय रे?” सुंदरबाईनं विचारलं.

“कोळसा समज, अक्का.”

“मंग जाळं का जास्तीच व्हई!” म्हातारी विजयानं म्हणाली. “एवढं शिकीसन हाई समजेना तुमले?”

“अक्का,” झुंबरबाई दात दाबून म्हणाली, “भाकरी जाळून तिची राख खाल्ली, तर पोट भरेल का?”

त्या कार्डानंतर पंधरा दिवसांत चुडामणनं वाटणी मागितली, आणि पट्टा मागितला तो नेमका उकिरडा. वाहवा! सात वर्षं ज्याला नाक मुरडलं, त्याच्यावरच आता पाट मांडून बसायचं होतं!

दुसऱ्या दिवशी तो वहिनीच्या पाया पडायला आला. मुखावर लाज थोडी, आनंद फार.

“वहिनी, रागावलीस?”

“मी रागावून कोणाचं काय अडलंय? पट्टा घे. पण शब्द दे. त्यात काडी लावायची नाही.”

“तुझ्या गळ्याची शपथ!”

“माझ्या गळ्याला हात लावू नकोस, त्याला साऱ्या घरानं आधीच आवळलंय. शेजारचे पेटवतील ना, ती आग बांधाला भिते का? चारी बाजूंनी चार हात पाचट ओढून जमीन उघडी कर. जाळायच्या आदल्या दिवशी. उद्या करू, परवा करू नाही. समजलं?”

“समजलं गं! मी काय लहान आहे?”

लहान नव्हता, हेच तर दुःख होतं.

शिमग्याआधी ऊस तुटला. फड पेटवायचा दिवस पंचांनी ठरवला. एकाच वेळी, पश्चिमेकडून, अशी जुनी रीत. झुंबरबाईनं चिंचेकडच्या नव्या पट्ट्याच्या तीन बाजू दाताळ्यानं ओढून लख्ख केल्या होत्या. चौथी अंधार पडल्यानं राहिली होती; ती करायला सकाळी आली, तर वारा आयता मिळाला म्हणून लोकांनी दोन तास आधीच काडी लावलेली! ज्वाळा तडतडत येत होत्या. तिनं दाताळं चालवलं… चालवता चालवता मान वर केली, आणि नाल्याकडं पाहिलं.

नाल्याकडच्या पट्ट्याची एकही बाजू उघडी नव्हती.

“चुडामण! अरे चुडामण कुठंय?”

“तो तर धुळ्याला गेला काल, पाण्याचं इंजिन बघायला!” गव्हाला पाणी द्यायला आलेला धनसिंग बांधावरून ओरडला.

इंजिन बघायला! झुंबरबाईच्या मनात क्षणभर असा संताप उसळला की, जळू दे, ज्याचा त्याला मिळू दे… पण ती माती! सात वर्षं मुठीत घेऊन हुंगलेली, पावसाळ्यात गांडुळांनी फुगलेली, लेकरासारखी वाढवलेली ती माती कोणाच्या नावावर आहे, हे तिच्या पायांना काय ठाऊक? दाताळं घेऊन ती धावत सुटली. मागं चिंचेकडच्या पट्ट्याची चौथी बाजू तशीच राहिली.

एकटी बाई, चार बाजू आणि वाऱ्यावर स्वार झालेली आग! ती पाचट ओढत होती, केस चरचरत होते, पदर पेटता पेटता राहिला होता. आणि मग पायाखाली काहीतरी गार लागलं. तिनं खाली पाहिलं.

पाणी!

नाल्याकडच्या पाटचारीतून पाणी भळभळत येत होतं, बांधावरून पसरत पाचटात शिरत होतं. आज पाळी गव्हाच्या फडाची होती, धनसिंगची. पाण्यामागून फावडं घेऊन चिखलातून धावत येत होता अभिमन! जो जन्मात धावला नव्हता, तो धोतराचा काष्टा सुटलेला असतानाही धावत होता.

“अहो! हे काय केलंत? पाळी…”

“तू तिकडून ओढ! मी इकडून वळवतो!”

आग ओल्या पाचटाशी आली, फुसफुसली, धुमसली, आणि हरली. पट्टा वाचला. दोघं बांधावर मटकन बसले. आणि तेव्हा कुठं झुंबरबाईची नजर चिंचेकडं गेली. त्यांचा, त्यांच्या हक्काचा, या फडातला एकमेव पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा झाला होता.

कितीतरी वेळ ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

“दुसऱ्याचा वाचवला, स्वतःचा घालवला! आपल्यासारखी शहाणी जोडी खानदेशात शोधून सापडायची नाही!”

“तू सात वर्षं धूर खाल्लास,” अभिमन फावड्याकडं बघत म्हणाला. “मी बघत होतो.”

“बघत होतात? मग बोलला का नाहीत?”

“लोक म्हणाले असते, पाटकरी बायकोचं ऐकतो.”

“आणि आता काय म्हणणार आहेत हो ते? आरती ओवाळणार आहेत?”

आरती ओवाळली नाही. दुसऱ्या दिवशी चावडीवर धनसिंगनं गाऱ्हाणं मांडलं, आणि ते खरंच होतं. पंचांनी विचारलं, “अभिमन आबा, पाणी कोणी तोडलं?” तो उभा राहिला. “मीच. ज्यानं पाळी मोडली, त्यानं पाटावर उभं राहू नये, हा नेम मीच दुसऱ्यांना सांगत आलो.” बावीस वर्षांचं पाटकरीपण त्यानं पंचांच्या हवाली केलं आणि भर दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हातानं, तो घरी आला.

झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला. या माणसानं तिला कधी दागिना आणला नव्हता की गोड शब्द… आणि द्यायला बसला तर असा, की सारी अब्रूच देऊन मोकळा झाला!

तिसऱ्या प्रहरी ती दोघं चिंचेकडच्या पट्ट्यात उभी होती. पायाखाली राख, राखेखाली दगडासारखी माती. दाबायला पाचटाची एक काडी उरली नव्हती.

“पुन्हा सात वर्षं,” ती म्हणाली. “आणि यंदाचं तर गेलंच.”

तेवढ्यात गाडी खडखडली. चुडामण बैल हाकत येत होता, गाडीवर पाचटाचा डोंगर. तो जवळ आला, पण मान वर होईना. धुळ्याहून आल्या आल्या त्याला सगळं कळलं होतं. गाव असल्या बातम्या कोणाला उपाशी ठेवत नाही.

“वहिनी… माझ्या पट्ट्यातलं अर्धं आणतोय. अजून चार खेपा होतील.”

“आणि तुझ्या पट्ट्यात काय घालशील? इंजिन?”

“उरलेलं अर्धं.” तो गाडीवरून खाली उतरला. “वहिनी, मी धुळ्यात भटकत बसलो, आणि तुम्ही दोघांनी… भाऊंचं पाटकरीपण… माझ्यापायी! पट्टा परत घे. मला नको. मी त्याच्या लायक नाही.”

“घेणार नाही!” झुंबरबाई कडाडली. “दिला म्हणजे दिला. तुझ्या भावाचा शब्द आहे तो. लायक नाहीस तर हो! सगळं मीच किती दिवस करू?”

चुडामण ढसाढसा रडू लागला. अभिमननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघे भाऊ मुकाट्यानं गाडी रिकामी करू लागले. भारे भराभर पडत होते… सगळ्या सऱ्यांत, वरंब्यांवर, जिथं हात जाईल तिथं.

“अरे देवा! एक सोडून एक! एक सोडून एक सरी! तुम्ही दोघं माणसं आहात की वावटळ?”

दोघंही थांबले. चुडामणनं बाहीनं डोळे पुसले. बावीस वर्षं साऱ्या गावाला पाण्याची शिस्त शिकवणारा अभिमन मात्र तिच्यापुढं येऊन उभा राहिला, आणि कधी नव्हे तो शरमून म्हणाला,

“आम्हाला येत नाही. तू दाखव.”

सात वर्षांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. झुंबरबाईनं पदर खोचला, दाताळं उचललं, आणि सरीत उतरत दम दिला,

“एकदाच दाखवीन हं! नीट बघा!”

संध्याकाळपर्यंत तिनं ते अकरा वेळा दाखवलं.