मशीन चालू असेपर्यंत

हे वाचून कोणी हसलं तरी चालेल. मी मनचं काही लिहायला बसलेली नाही. जी पट्टी मी माझ्या हातांनी बांधली आणि सोडली, तिचीच ही गोष्ट आहे.

मी घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करते. स्वभावानं पक्की संशयी. दूध आणलं की आधी हुंगते, मग पातेल्यात ओतते. भुताखेतांवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता.

आणि हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत असताना...

ज्या पेशंटची ही गोष्ट, त्या काकांचं सलून होतं, घराच्या खालीच. जन्मभर खुर्चीमागे उभं राहून त्यांच्या पायांच्या शिरा निकामी झालेल्या. रक्त वर चढेना, खालीच साचून राही. डाव्या घोट्याच्या वर जखम झाली, ती वर्ष उलटलं तरी भरेना. सलून बंद पडलं. बायको वारलेली, मुलगा परगावी नोकरीला. घरात ते आणि सून.

डॉक्टर म्हणाले, "घट्ट पट्टीच्या जोडीला अल्ट्रासाउंड करून बघू. नाहीतर मांडीची कातडी काढून लावावी लागेल. या वयात ते ऑपरेशन मला नको वाटतं."

मशीन छोटंसं. जखमेच्या कडेला जेल लावायचं आणि टॉर्चएवढा दांडा हळूहळू फिरवायचा. त्यातून आवाजाच्याच लहरी निघतात, पण माणसाच्या कानाला त्या ऐकू येत नाहीत.

पहिल्याच दिवशी काकांनी मान वाकडी करून बघितलं.

"चालू आहे का हे? का नुसतंच लोणी लावताय?"

"चालू आहे, काका."

"मग आवाज कुठंय?"

"याचा आवाज येत नाही."

काही खेपा अशाच गेल्या. मग एका दुपारी त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मान स्वयंपाकघराकडे वळवली.

"आला..."

"काय आलं?"

"आवाज. ही चालतेय आत."

ही म्हणजे वारलेल्या काकू.

मला तर काहीच ऐकू आलं नाही. जाताना सुनेनं जिन्यात सांगितलं, काकू एक पाय ओढत चालायच्या. चप्पल घासल्याचा आवाज यायचा. त्या चपलाही तिनं केव्हाच देऊन टाकल्या होत्या.

म्हातारा माणूस, एकटा. मी मनावर घेतलं नाही.

जखम मात्र भरायला लागली. कडेनं छान गुलाबी कातडी आली. मशीनमुळे की पट्टीमुळे, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण मी खूश होते.

"काका, आता थोडेच दिवस. मग मशीनची कटकट संपली."

काकांचा चेहरा पडला.

पुढच्या खेपेला मी पट्टी सोडली आणि...

नवी कातडी फाटलेली. चार ओरखडे, शेजारीशेजारी.

माझ्या मनात पाल चुकचुकली. काकाच खाजवत असणार! वस्तरा असता तर काप सरळ आला असता, हे नखांचं काम. मी त्यांचे हात धरून पाहिले. गिऱ्हाइकाला लागू नयेत म्हणून नखं मुळाशी कापायची त्यांना सवय. मग माझी नजर सुनेकडे गेली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ताई, मी कशाला करू? त्यांचा पाय बरा झाला तर माझीच सुटका आहे हो."

मग मी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती केली. पट्टी बांधून झाल्यावर तिच्या सगळ्या वेढ्यांवरून पेनानं नागमोडी रेघ ओढली. कोणी पट्टी सोडून परत बांधली, तर ती रेघ काही केल्या जुळत नाही.

म्हटलं, आता चोर सापडतोच.

पुन्हा गेले तेव्हा रेघ जशीच्या तशी होती. केसभरही सरकलेली नाही.

मी पट्टी सोडली...

आत ओलं रक्त. चार नवे ओरखडे.

मी रक्त टिपलं.

"काका, खरं सांगा. हे कोण करतं?"

ते अगदी शांत होते. "जखम भरली की तुम्ही मशीन आणणार का?"

"नाही. कशाला आणू?"

"मग तिनं तरी काय करावं?"

त्या दुपारी मी मुद्दामच मशीन सुरू केलं नाही. दांडा नुसता फिरवत राहिले. मशीनचा दिवा माझ्या बाजूला होता, काकांना दिसणं शक्यच नव्हतं. ते बराच वेळ कान देऊन बसले.

"बंद आहे ना? ती आली नाही."

मी बटण दाबलं.

सून माझ्या शेजारी उभी होती. स्वयंपाकघरात कोणीही नव्हतं.

सर्र... टप.

सर्र... टप.

या वेळी मीही ऐकलं. आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. सुनेनं माझा दंड घट्ट धरला. काका रिकाम्या दाराकडे बघून हसत होते, नव्या नवरदेवासारखे. मी बटण बंद केलं आणि सामान गोळा करून निघाले.

डॉक्टरांना सांगितलं, मशीनचा त्यांना त्रास होतोय, नुसती पट्टीच करू. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

ओरखडे थांबले. जखम पूर्ण भरली.

काका माझ्याशी बोलेनासे झाले. जेवण तुटलं. मी गेले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला फार वाईट वाटायचं. पण पाय तर वाचला, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

गेल्या महिन्यात माझी शेवटची म्हणून ठरलेली भेट होती. काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार. मला बघून तोंड भरून "या, या" म्हणाले. मला हायसं वाटलं.

मग त्यांनी उजव्या पायाचा मोजा खाली सरकवला.

उजव्या... चांगल्या पायाचा.

घोट्याच्या वर चार ओरखडे होते. ताजे आणि खोल.

"आता याला मशीन लागेल ना?" काकांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, त्याही पायाच्या शिरा तशाच आहेत, जखम चिघळली तर मशीन परत लावू. ती चिघळली आहे. उद्या दुपारी मला जायचंय.

मघाशीच सुनेचा फोन आला होता. ती हळू आवाजात बोलत होती.

"ताई, बाबांनी पलंगाजवळ दोन खुर्च्या मांडायला लावल्यात. एक तुमच्यासाठी, म्हणाले. दुसरीवर मला बसू देत नाहीत."

जायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.