सहानंतर नसलेली माणसं

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. आमच्या घरात थापा मारणारा एकच, माझा दादा. या बाबतीत तोही गप्प आहे.

हिवाळ्यातला शुक्रवार. संध्याकाळचे सहा. बाहेर अंधारून आलं होतं.

वहिनी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासायच्या ऑफिसात होती. तिथली पद्धत आठवली तरी मला किळस येते. सहा वाजले की सगळ्यांनी उठायचं. दाराजवळच्या मशीनवर कार्ड टेकवून 'गेलो' अशी नोंद करायची...

आणि परत येऊन कामाला बसायचं.

मग आठ वाजोत नाहीतर दहा, ती मेहनत फुकट. वहिनीने एकदा विचारलं, तर साहेब हसले.

"मॅडम, तुम्ही आता सीनियर. सीनियर लोकांना ओव्हरटाइम नसतो. आणि घरच्या माणसांत कसला हिशेब?"

पगार तोच, खुर्ची तीच, फक्त नावापुढे एक शेपूट. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

वहिनीच्या शेजारी एक म्हातारे तपासनीस बसायचे. सगळे त्यांना काका म्हणत. उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते कामावर बसल्या बसल्याच गेले. डोकं कीबोर्डवर टेकलेलं. पण मशीनच्या मते ते सहालाच घरी गेले होते. ऑफिसने कानावर हात ठेवले. "ते कामावर नव्हतेच." काकूंना त्यांचा डबा तेवढा परत मिळाला. तोही न धुतलेला.

थू अशा कारभारावर.

त्या शुक्रवारी वहिनीला घाई होती. चिमीचं, म्हणजे माझ्या भाचीचं पाळणाघर सातला बंद व्हायचं. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "आता उशीर झाला तर मुलीला दुसरीकडे ठेवा." आणि इकडे साहेबांचा हुकूम, "एवढं एक खोकं तपासूनच जा."

बाकीचे त्या दिवशी खरंच घरी गेले. वहिनीने कार्ड टेकवलं आणि परत येऊन बसली.

तेवढ्यात शेजारून आवाज आला...

टक... टक... टक...

काकांची खुर्ची रिकामी होती. पण कीबोर्डची बटणं खाली जात होती. सावकाश, एकेक करून.

आणि तो वास... बंद डब्यात विटलेल्या भाजीचा. वहिनीने नाकाला रुमाल लावला.

तितक्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. कानाला फोन. "छे हो, आमच्याकडे सगळे सहाला घरी जातात." त्यांनी दिव्याच्या बटणाला हात घातला.

"साहेब, मी आहे अजून," वहिनी म्हणाली.

साहेबांनी तिच्या खुर्चीकडे पाहिलं. अगदी सरळ पाहिलं...

आणि दिवे घालवले.

बाहेरून कुलूप लागलं. वहिनी धावली. काचेच्या दारावर दोन्ही हातांनी बडवलं, ओरडली. काचेला साधा हादराही बसला नाही.

मागे टकटक थांबली.

"ओरडू नकोस, पोरी," अंधारातून काकांचा आवाज आला. "सहानंतर आपण नसतोच."

वहिनीने मागे पाहिलं नाही. दार धरून तशीच उभी राहिली. शेवटी वॉचमन फेरीला आला. त्याने दार उघडलं, बॅटरीचा झोत थेट तिच्या तोंडावर मारला.

"कोणी नाही," तो स्वतःशीच पुटपुटला.

त्याच्या बाजूने ती निसटली. धावत पाळणाघर गाठलं. बाई चिमीला घेऊन पायरीवर उभ्या होत्या, फोनवर दादाला सांगत होत्या, "आई आलेली नाही."

वहिनी समोरच उभी होती.

तिने चिमीचा हात धरला. अंगावरचा किडा झटकावा तसा चिमीने तो झटकला.

दादा आला. बायकोच्या नावाने बोटं मोडत मुलीला घेऊन गेला. त्याने रात्रभर वहिनीला शोधलं. सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला ती त्याला घरातल्याच सोफ्यावर बसलेली दिसली. तेच कपडे, डोळे लाल.

"मी रात्रभर तुझ्यासमोरच होते," ती म्हणाली.

तिने फोन करून नोकरी सोडली. साहेब म्हणाले, "आमच्या रेकॉर्डप्रमाणे तर तुम्ही रोज वेळेवर घरी जाता. त्रास कसला?" चोर तो चोर, वर शिरजोर.

वाटलं, सुटली.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. वहिनी चिमीची वेणी घालायला बसली, मी खिडकीशी मोबाइल बघत होते. सहा वाजले, बाहेर अंधार पडला. चिमीने मला हाक मारली.

"आत्या, आई कुठे गेली गं?"

मी मान वर केली.

"तुला तरी दिसतेय ना मी?" वहिनीचा आवाज आला. अगदी बारीक.

मी हो म्हणाले.

खोटं बोलले. चिमीच्या पाठीमागे कुणीच नव्हतं. वेणीचे पेड तेवढे आपोआप एकमेकांवर पडत होते...