वरचं नितळ पाणी

लिफ्टचं दार बंद होता होता मध्ये एक हात आला. त्या हातात काचेची नळी होती, आणि ती सारखी हलत होती. मागोमाग नळीचा मालक आत शिरला. उंच, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला पाहून त्याने मान डोलावली, पण नळी हलवायचा काही थांबला नाही.

मी नुकतीच संस्थेच्या गोठ्यावरून येत होते. वासरांचं रक्त काढायचं म्हणजे ती काय शहाण्यासारखी उभी राहतात होय? एकाने माझी अख्खी बाही चघळून ठेवली होती. त्यात बाहेर भुरभुर पाऊस, त्यामुळे वास चांगलाच खुलला होता.

"दूध उतू गेलंय का कुठे?" तो नाक वर करून म्हणाला.

"वासरू आहे," मी म्हटलं. "म्हणजे... वासराची लाळ. माझ्या बाहीवर."

"छान आहे. आमच्या तळमजल्यावर नुसता ॲसिडचा वास."

"आणि तुम्ही ते काय खुळखुळवताय, बाळाला खेळवल्यासारखं?"

"थांबलो की तळाला बसतं. झिंक ऑक्साइड आहे, अगदी सूक्ष्म कण. वर कोणी वासरांच्या बाई आहेत, त्यांना नेऊन द्यायचंय." मग आवाज खाली आणून, "फार कडक आहेत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच."

"मीच ती," मी म्हटलं.

लिफ्ट थांबली, दार उघडलं, तरी तो जागचा हलेना. आज इतक्या वर्षांनीही तो चेहरा आठवला की मी एकटीच हसत बसते.

आमचं काम समजायला तसं सोपं होतं. लहान वासरांना हगवण लागते आणि त्यात बरीच दगावतात. झिंक दिलं तर पोट सावरतं, पण ते ढिगाने द्यावं लागतं, आणि उरलेलं शेणातून जमिनीत जातं. कण खूप बारीक केले तर थोडक्यात भागेल, अशी आशा होती. ते कण तो बनवायचा. मी बघायचे वासराच्या रक्तातल्या पेशींकडे. या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. दारावरचे पहारेकरीच म्हणा ना. जंतूंची चाहूल लागली की ते ओरडतात आणि पेशी कामाला लागते. त्याच्या कणांनी हे पहारेकरी आधीच सावध होतात का, एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

आणि ते व्हायचे. काय सुरेख व्हायचे. पेशींचा ओरडा मोजणारी पडद्यावरची रेघ अशी वर चढायची की आमच्या विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्या चहा विसरून बघत राहायच्या. त्याची नोकरी तात्पुरती होती. या कामावरच ती कायम होणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

खरं तर नळी दिली की त्याचं काम संपायचं. पण तो माझ्या खोलीतल्या स्टुलावर टेकायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही.

"तुम्हाला खाली काही काम नसतं का?" मी विचारायचे.

"असतं की. भरपूर असतं."

"मग?"

"मग काय... इथे वास चांगला येतो."

मी त्याचं नाव खुळखुळा ठेवलं. त्याच्या तोंडावरच ठेवलं, आणि तोही ओ द्यायला लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही, पण आईच्या कानांनी ते बरोबर टिपलं होतं.

"फोनवर कोणाला 'तू वेडा आहेस का' म्हणत होतीस?" तिने विचारलं.

"ऑफिसमधला एक आहे."

"तो खुळखुळा?" आई माझ्या बदललेल्या केसांकडे बघत म्हणाली. "बरं बरं. मी कुठे काय म्हणतेय."

मग त्याचे वडील घरातल्या जिन्यावरून पडले, पाय मोडला, आणि तो घाईघाईने गावी गेला. जाताना एक नळी तयार करून देऊन गेला. "हलवून घे हं," एवढंच म्हणाला, आणि मग दारात उगीचच घुटमळला. मीही उगीचच टेबल पुसत राहिले.

त्या दिवशी गोठ्यावरून फोनवर फोन येत होते आणि नळी तशीच स्टँडमध्ये राहिली. मी तिथून परत आले तेव्हा सगळं पांढरं तळाला बसलं होतं आणि वर नितळ पाणी. तो असता तर असं कधीच दिसलं नसतं. कोण जाणे काय मनात आलं, मी ते वरचंच पाणी थोडं घेतलं आणि पेशींवर सोडलं. इथे फार तर चिमूटभर कण असतील, पेशी गप्प बसतील, अशी माझी खात्री.

पेशी गप्प बसल्या नाहीत. रेघ नेहमीसारखी वर गेली. जराही कमी नाही.

मी खाली जाऊन त्याच्या कॅनमधलं नुसतं पाणी आणलं, ज्यात कण नावालाही नव्हते. तेच झालं. तो पाणी उकळून घ्यायचा, पण उकळल्याने जंतू मरतात, त्यांच्या सालीचे तुकडे पाण्यातच राहतात, आणि माझे पहारेकरी नेमके त्यांनाच ओळखतात. रंग आणि रबर यांसाठी कण बनवणाऱ्या माणसाला ही काळजी कधी घ्यावीच लागली नव्हती. तुलनेसाठी जी बिनकणांची नळी ठेवायचो तिच्यात माझं शुद्ध पाणी असायचं, म्हणून आजवर काही दिसलं नव्हतं. इतके दिवस पेशी ओरडत होत्या त्या पाण्याला. त्याच्या कणांना नाहीच.

घरी गेले तर आईने माझं तोंड बघूनच पंखा वाढवला. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याची नोकरी जाईल?"

"कायम होणार नाही. म्हणजे इथून जावंच लागेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर खोट्याच्या भरवशावर वासरांना ते चारतील, आई."

"मग आधी त्याला सांग," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

तो परत आला त्या दुपारी मी त्याला कॅन्टीनमध्ये नेलं आणि सांगून टाकलं. तो ऐकत होता, बशीतल्या चहाच्या थेंबावर बोट फिरवत.

"पुन्हा करून बघितलंस?"

"कितीतरी वेळा."

"पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे माझी."

"माहीत आहे मला."

"तुला ते वरचं पाणी घ्यायची... काय गरज होती गं?"

तो उठला आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

मग तो वर आलाच नाही. मी चिडले, रडले, मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडले. मला तो आवडत होता. नुसता आवडत नव्हता, त्याच्याशिवाय ती खोली मला खायला उठत होती. आणि हे मला कळलं कधी, तर त्याला घालवायची वेळ माझ्यावर आली तेव्हा.

शेवटी मोठ्या बाईंकडे जायला निघाले तर त्यांनीच मला बोलावलं. "पाण्याचं कळलं मला," त्या म्हणाल्या. "कालच तो येऊन सगळं सांगून गेला. चूक माझ्या पाण्याची आहे, म्हणाला, आणि तुझं नाव अगदी अभिमानाने घेतलं. मुलाखतीतही हेच सांगणार आहे. वेडा आहे तो."

मुलाखतीत त्याने खरंच तेच सांगितलं. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी तो वर आला. हातात नळी होती. "तुझ्या शुद्ध पाण्यात बनवलंय," तो म्हणाला. "एकदा बघू या. मला बघूनच जायचंय."

आम्ही शेजारी शेजारी बसून बघितलं. रेघ पडद्याच्या तळाशी सरळ चालली होती. पेशी शांत होत्या, एकदम शांत. त्याचं सगळं काम त्या सरळ रेघेत गेलं, आणि मला हुंदका आवरेना.

"रडतेस काय? हे खरं आहे ना?"

"हो."

"मग झालं तर." त्याने चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी मी चिडलो. दोन दिवस फार चिडलो. मग वाटलं, माझं वाटोळं होतंय हे दिसत असताना जी मला खरं सांगते, ती उद्या कशालाच खोटं बोलणार नाही. असं माणूस पुन्हा कुठून मिळणार मला?" तो अडखळला. "उद्या माझी गाडी आहे. रंगाच्या कारखान्यात नोकरी मिळतेय, तीही लांब. घर नाही, वडिलांचा पाय अजून प्लास्टरमध्ये. हे विचारायला याहून वाईट दिवस शोधूनही सापडायचा नाही, पण... करशील माझ्याशी लग्न? घाई नाही. नीट तपासून सांग."

आयुष्यात मी एकही गोष्ट पुन्हा पुन्हा पडताळल्याशिवाय कोणाच्या हातात दिलेली नाही.

"तपासायचं काय त्यात," मी म्हटलं. "हो."