दुसरं रीडिंग

दिवा राहू द्या. सगळं सांगते, पण मध्येच कुणी ‘भास झाला असेल’ म्हणालं तर मी उठून जाईन. ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

काम अगदी साधं होतं. एप्रिलमधली सकाळ, आमचं ऑफिस असलेल्या ट्रॉय शहराहून चार तास उत्तरेला असलेली एक दलदल, आणि तिथे जमिनीत रोवलेल्या बारा नळ्यांमधल्या पाण्याची पातळी टेप सोडून मोजायची. शंभर वर्षांपूर्वी शेतीसाठी चर खणून लोकांनी ती दलदल कोरडी केली होती. आता चरांवर बांध घालून आम्ही ती पुन्हा भिजवत होतो, म्हणजे खालचं पीट, शेवाळ्याचा तो जुना काळा थर, कुजायचा थांबतो. प्रोजेक्ट यशोधनच्या कंपनीचा आणि मी तिथली इंजिनिअर. शेवटचा बांध त्याच दुपारी तीन वाजता बंद होणार होता.

आणि चारुता अजून आतच होती.

ती माझी सहकारी. ऑक्टोबरात ह्याच नळ्या मोजायला गेली आणि परत आली नाही. पोलिसांनी कुत्री आणली, ड्रोन उडवले, मग बर्फ पडला आणि शोध थांबला. एकदा पाणी चढलं की ती कायमची गेली. तिची आई दूर बॉथेल शहरात मुलाकडे असते. दर रविवारी फोन करून एवढंच विचारते, “सापडली का गं?”

दलदलीत एकटं जायचं नाही, असा आमचा नियम. दोघांनी जायचं, प्रत्येक नळी दोघांनी वेगवेगळी मोजायची, दोन्ही आकडे शीटवर लिहायचे. पण माणसं कमी, म्हणून यशोधनने युक्ती काढली. एकाने जायचं, दुसऱ्याने घरून टॅबवर सही ठोकायची. आम्हीही निर्लज्जासारख्या ठोकत होतो. चारुता गेली त्या दिवशी दुसरी सही माझी होती. मी घरी पोहे खात होते.

तिची कागदी शीट नवव्या नळीपाशी सापडली. नऊही नळ्यांपुढे दुसरं रीडिंग लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात.

“बघ, रेकॉर्डप्रमाणे तू होतीस तिथे,” यशोधन म्हणाला. “कंपनीने रूल फॉलो केला.”

“मी घरी होते! तूच सही करायला लावलीस!”

“मग हे अक्षर कुणाचं?”

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर चिडले होतेच, पण त्याहून जास्त स्वतःवर.

बांध पुढे ढकल म्हणून मी त्याच्या विनवण्या केल्या. “क्लायंट थांबणार नाही, यार. इमोशनल होऊ नकोस.” शेवटी मी त्या सकाळी मोजायच्या निमित्ताने तिला शोधायला निघाले, पुन्हा एकटीच. दुसरी सही? यशोधनने केली, ऑफिसमध्ये बसून.

धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे बूट दिसेनात. शेवाळं पायाखाली पचपचत होतं, थांबलं की काहीच ऐकू येत नव्हतं. उकळून ठेवलेल्या शिळ्या चहासारखा वास येत होता. तिसऱ्या नळीत टेप सोडली.

“एक्केचाळीस,” मी सवयीने मोठ्याने म्हणाले.

“बेचाळीस…” मागून कुणीतरी दुसरं रीडिंग सांगितलं.

आवाज यशोधनचा होता, आजची दुसरी सही ज्याची त्याचाच. मी लगेच त्याला फोन लावला.

“तू… कुठे आहेस?”

“मीटिंगमध्ये. का गं?” त्याच्यामागे चारचौघांचं बोलणं ऐकू येत होतं. आणि माझ्यामागे, अगदी मानेपाशी, कुणीतरी श्वास घेत होतं.

मी फोन ठेवला. भीती वाटलीच, खोटं का सांगू? पण सहा महिन्यांचा राग भीतीला पुरून उरला.

“माझ्या नावाने तिच्याबरोबर तूच गेलास ना?” मी मागे न वळता त्या श्वासाला विचारलं. “कुठे आहे ती? बोल…”

मग माझ्या शेजारचं शेवाळं दबलं. पुढे आणखी एक पाऊल उमटलं, त्यात पाणी भरलं. मग आणखी एक. मी त्या पावलांमागे गेले. वाट सोडून, नववी नळी ओलांडून ती पावलं एका सपाट जागी थांबली.

मी तिथेच बसकण मारली आणि बांधावरच्या एक्स्कवेटरवाल्याला, डेलला, फोन केला. “आधी इथे खण. तोवर मी उठणार नाही. बांध घालायचाच असेल तर माझ्यासकट घाला!”

यशोधनचे अकरा कॉल येऊन गेले. मी एकही घेतला नाही. डेलने मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने खणायला घेतलं.

चारुता पाच फूट खोल सापडली. कुशीवर झोपल्यासारखी होती, जॅकेटची चेनही लावलेली.

“काकू, सापडली,” मी बॉथेलला सांगितलं. पलीकडून रडणं ऐकू आलं, आणि माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरलं.

डेल खड्ड्यातच उभा होता. तीस वर्षं तो पीट खणतोय. त्याने खड्ड्याच्या कडेवरून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत थर न् थर अखंड होता. तिच्या अंगावरून काढलेलं ढेकूळही तसंच, बारीक मुळं कुठेही तुटलेली नव्हती.

“ही जागा आजवर कुणी उकरलेली नाही,” तो हळूच म्हणाला. “ती बुडालेलीही नाही…”

पीट वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतं. चारुताच्या अंगावर दीड हजार वर्षांचं पीट होतं.