धुतलेल्या मुळांची जुडी

सायखेड्याच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली म्हणून ज्योत्स्ना खाली उतरली, नाहीतर हे काही घडलंच नसतं. बांधापलीकडे एक तरुण वांग्याची झाडं उपटून जाळात टाकत होता. मुळांवर गाठीच गाठी!

"थांबा! जाळू नका!" ती धावलीच.

"रोगट हाय मॅडम... सूत्रकृमी लागलेत," तो ओशाळून म्हणाला. असली मुळं कोण चारचौघांत दाखवतं? आणि ही बया ती दोन्ही हातांत धरून नवी साडी मिळाल्यासारखी हसत होती!

त्याचं नाव मल्हारी. ती नाशिकच्या कॉलेजात याच कृमींवर पीएचडी करत होती.

"त्यांच्या जनुकांत काही तुकडे एका जागी बसतच नाहीत," ती सांगू लागली. "उठतात, उडी मारतात, दुसरीकडे जाऊन बसतात."

"आमच्या पुढाऱ्यांसारखे?"

"त्याहून कामाचे! यांच्यात मादीला नर लागत नाही. लेक म्हणजे आईची नक्कल. तरी ही जमात बदलत राहते... कदाचित त्या उड्यांमुळेच."

"नर लागतच नाय?" मल्हारीनं हातातलं झाड खाली ठेवलं. "मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?"

"झेंडू लावायचा," ती हसत म्हणाली. "झेंडूनं हे कृमी हटतात."

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी येऊ लागली, मल्हारीच्या आईच्या, सखुबाईंच्या हातचा चहा घेऊ लागली. एकदा त्यानं विचारलं, "तुकडा उडी मारून भलत्याच जागी बसला तर?" तिच्या सरांना हा प्रश्न दोन वर्षांनी सुचला होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्या दिवशी तिची परतीची एसटी चुकली, आणि तिला वाईट वाटलं नाही.

मल्हारीच्या वावरातल्या कृमींत उड्या सगळ्यांत जास्त दिसल्या. पण पडताळणीसाठी तिथलीच जिवंत अंडी पुन्हा हवी होती, नाहीतर प्रबंध अडणार होता. "शेवटच्या सरीतली मुळं आणून द्याल?" तिनं फोनवर विचारलं.

तो घेऊन आला. स्वच्छ धुतलेली, केळीच्या सोपटानं बांधलेली जुडी! मार्केटला माल न्यायचा तो धुऊनच, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं.

"अहो, अंडी वरच चिकटलेली असतात!" तिचा आवाज चढला. "आत उरलेल्यांत भागणार नाही. आणखी मुळं आहेत?"

"नाय... तुम्हीच सांगितलं ना? सगळीकडं झेंडू लावला."

आता रागवायचं कोणावर? तिचे डोळे भरून आले.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "धुतलेलं पाणी आईच्या दारातल्या वांग्याला घातलंय. पाणी आम्ही फेकत नाय."

ती रडता रडता हसली. त्या वांग्याच्या मुळांना गाठी धरून ते सुकू लागेपर्यंत, दीड महिना थांबायचं ठरलं.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, मातीच्या ढेकळासकट आईच्या दारातलं ते झाड पोत्यात घेऊन मल्हारी प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. मुळांवर गाठीच गाठी!

"हे झाड सुकायला लागून पंधरा दिवस झाले," तो खाली बघत म्हणाला. "मीच सांगितलं नाय."

"पंधरा दिवस! मी इथे रोज फोनकडे बघतेय... का पण?"

"हे दिलं की तुमचं काम संपणार. मग सायखेड्याला कशाला याल तुम्ही?" त्यानं पोतं पुढं केलं. "पण काल वाटलं, तुमचं शिक्षण अडवून तुम्ही आल्या तरी... तोंड कसं दाखवू?"

तिला रागवायचं होतं. जमलंच नाही. इतकं सरळ माणूस तिनं पाहिलंच नव्हतं.

"मी रविवारी येते," ती म्हणाली. "सखुबाईंना विचारायला."

"झाड उपटलं म्हणून?"

"नाही. मुलगा आवडलाय म्हणून. तू आवडतोस मला, मल्हारी... खूप."

त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "आज तर मंगळवारच हाय..."

"थांब इथेच."

ती पोतं आत ठेवून आली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं नवा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली न बघता दार बाहेरून ओढून घेतलं आणि ती त्याच्याबरोबर सायखेड्याच्या एसटीकडे निघाली.